नवरीविना साखरपुडा

सुर्खोब नदीकाठची चौकी,
नवरोजनंतरचा शुक्रवार

आदरणीय अझीममामांना झोहिरचा सलाम.

ताजी खबर आधी सांगतो, रीतभात मागून. इस्कंदरदादाचा साखरपुडा झाला. बातमी पक्की आहे. खुद्द शत्रूच्या कमांडरने रेडिओवर येऊन ती जाहीर केली आणि आमच्या कमांडरने सगळ्यांसमक्ष त्याचं अभिनंदन केलं. नवरी कोण, हा मुद्दा जरा नाजूक आहे. त्याच्याकडे सावकाश येतो.

आता रीतभात. तुमची तब्येत कशी आहे? मामींचा गुडघा, अंगणातलं जर्दाळूचं झाड, ट्रॉलीबस, सगळं ठीक ना? राजधानीत वीज दिवसाआड असते म्हणे. म्हणजे तुमची ट्रॉलीबस भर चौकात उभी राहत असणार आणि वीज जणू तुम्हीच खिशात घालून बसलात अशा थाटात उतारू तुम्हाला बोलत असणार. तुमची लेक मेहरंगेझ कशी आहे? (हे सहज विचारतोय.) तुमच्या घरावर छप्पर आणि चुलीवर भांडं कायम राहो. इकडे सर्व खुशाल आहे. म्हणजे खुशाल काहीच नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे मला तुम्हीच शिकवलंत.

तुम्ही आमच्याकडे आल्याला बरीच वर्षं झाली. (का झाली ते तुम्हाला आणि आईला ठाऊक. मी त्या पाळण्याचा विषय काढणार नाही.) म्हणून पहिल्यापासून सांगतो. लढाई पेटून नदीवरचा पूल बंद झाला त्या दिवशी जो ज्या काठावर होता तो त्या बाजूचा झाला. दादा पलीकडच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्त करायला गेला होता, म्हणून तो बंडखोर. मी बाजारात बटाटे विकत उभा होतो. लष्कराची गाडी आली, जेवढी तरणी पोरं दिसली तेवढी भरून घेऊन गेली, म्हणून मी सरकारी. बटाटेही नेले. आमच्यापैकी कोणालाही मत विचारलं नाही, आणि आता दोघांनाही सांगतात की आपण एका मोठ्या विचारासाठी लढतोय. तो विचार कोणता हे मी एकदा कमांडरला विचारलं. त्याने मला टेकडीला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

कमांडर शोदी हा पूर्वी शाळेत कवायत मास्तर होता. बंदूक त्याला नीट धरता येत नाही, पण गळ्यातली शिट्टी तो झोपतानाही काढत नाही. सकाळी शिट्टी, जेवणाला शिट्टी, पलीकडून गोळी आली तरी आधी शिट्टी आणि मग आम्ही आडवे. जेवायला कुट्टूची लापशी असते. दुपारी तीच, रात्री तीच, फक्त रात्री ती दिसत नाही एवढाच दिलासा. मला मिळालेले दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत. तक्रार केली तर कोठारवाला म्हणाला, "उजव्या पायाचे पलीकडे गेले असतील, भावाला विचार." मामा, हा टोमणा मी रोज ऐकतो. तंबू गळतो, घोंगडीला ओल्या बकऱ्याचा वास येतो, आणि समोरच्या टेकडीवर माझा सख्खा थोरला भाऊ मध खात बसलाय. त्यांचा कमांडर दोमुल्लो अब्दुवाहिद पूर्वी गावात नमाज पढवायचा आणि मधमाश्या पाळायचा. लढाईवर येताना पेट्या घेऊन आला. आमचा कमांडर शिट्टी घेऊन आला. कोण कुठल्या बाजूला पडावं हे नशिबाच्या हातात असतं ते असं.

दोन्ही चौक्यांचे रेडिओ जुन्या फौजेच्या एकाच कोठारातले आहेत आणि दोघांवरही एकच एक वाहिनी चालते. त्यामुळे आम्ही बोलतो ते त्यांना ऐकू येतं, ते बोलतात ते आम्हाला. सुरुवातीला सगळे गुप्त भाषेत बोलायचे. मग कंटाळा आला. आता सकाळी दोन्हीकडून शिव्या होतात, मग हवापाणी होतं, आणि संध्याकाळी आमचा रेडिओवाला गुलमुरोद (हा पूर्वी लग्नांत दुतार वाजवायचा) एखादी चीज वाजवतो आणि पलीकडून फर्माईश येते. गोळ्याही सुटतात, नाही असं नाही. पण वरचा रस्ता बर्फाने बंद असल्यामुळे कोणाकडे फारशा गोळ्या नाहीत. म्हणून आतापर्यंत निभावलं.

पुढे निभावणार नाही, आणि हीच खरी कटकट आहे. बर्फ वितळून रस्ता मोकळा झाला की राजधानीहून तोफा येणार आणि समोरची टेकडी साफ करण्याचा हुकूम येणार. ही गोष्ट आम्हालाही माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, कारण शोदीने ती रेडिओवरच सांगितली. माझा मूर्ख भाऊ मात्र म्हणतो, मी एकटा खाली येऊन बाकीच्यांना तिथे सोडू का? त्याचा हा स्वाभिमान मला लहानपणापासून नडत आलाय. विहिरीत बकरी पडली तेव्हाही तो असाच आधी उतरला होता, आणि मग दोघांना वर काढायला मलाच दोर धरावा लागला.

त्यातून माझं लग्न. तुम्हाला माहीत असेल, माझं सबोहतशी ठरल्यासारखं आहे. ठरल्यासारखं म्हणजे तिला मान्य, मला मान्य, तिचे वडील उस्तो नुराली यांना जवळजवळ मान्य. पण थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याने बोहल्यावर चढायचं, हे आईच्या मते घर जाळण्यासारखं. थोरला शत्रूच्या टेकडीवर असला तरी थोरला तो थोरलाच. उस्तो नुराली म्हणतात, "तुझा भाऊ काय लढाई संपेपर्यंत थांबणार? माझ्या मुलीचे केस पांढरे करू का?" आणि त्यांच्याकडे शेजारच्या गावातल्या एका ट्रकवाल्याने चकरा मारायला सुरुवात केली आहे. माझ्याकडे ट्रक नाही. माझ्याकडे दोन डावे बूट आहेत.

आता तुमच्या ताईविषयी. आई दर शुक्रवारी चौकीवर येते. पहारेकऱ्याने अडवलं तर आधी त्याच्या डोक्यावर टोपी का नाही ते विचारते आणि आत येते. माझे कपडे धुवायला नेते, वाळूची पोती वेडीवाकडी रचली म्हणून नावं ठेवते, आचाऱ्याच्या लापशीत पळी घालून तोंड वाकडं करते. मग कमांडरची दुर्बीण मागून घेते (मागून म्हणजे त्याच्या गळ्यातून काढून) आणि समोरच्या टेकडीकडे बघते. "मफलर घातलेला नाही," असं म्हणते. मग रेडिओ. "इस्कंदर, मफलर कुठाय? दोरीवरच विसरलास ना? तो शेजारचा कोण रे, त्याला सांग बटणं लाव." समोरच्या टेकडीवरची माणसं लगबगीने बटणं लावताना दुर्बिणीतून दिसतात. शोदी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "झोहिर, तुझ्या आईला आपल्या बाजूने लढायला सांग. एका दिवसात आटपेल." मी म्हटलं, साहेब, ती कोणाच्याच बाजूने नाही, तोच तर त्रास आहे.

दादा खाली येत नाही असं दिसल्यावर आईने ठरवलं की त्याचं लग्नच लावायचं. लग्नाला तरी यावं लागेल ना. मग तिने रेडिओवरून स्थळं सांगायला सुरुवात केली. पहिली मुलगी गावातल्या दाईची भाची. आईने तिचं शिवणकाम, स्वभाव, दात, सगळं सविस्तर सांगितलं. दोन्ही टेकड्या ऐकत होत्या. दादाने हवापाणी विचारलं. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "मावशी, तो नाही म्हणत असेल तर मी आहे." दुसरी मुलगी सांगितली, तर आमच्याच एका शिपायाने मध्ये तोंड घातलं की ती त्याची चुलतबहीण आहे आणि ती फार भांडते. तिसरीच्या वेळी तर दोन्हीकडच्यांत वाद पेटला, तिच्या हातचा पुलाव चांगला की तिच्या बहिणीच्या हातचा. त्या वादात दोन गोळ्याही सुटल्या. त्या हवेत सुटल्या, पण सुटल्या. दादाने कोणालाच हो म्हटलं नाही. मी मागून ओरडलो, "अरे, हो म्हण. इथे माझा जीव चाललाय." तर तो शांतपणे म्हणतो, "तुझी घाई मला कळते, झोहिर. पण झोपायचं मला आहे, तुला नाही." यावर दोन्हीकडे जो हशा झाला, तसा मी या युद्धात ऐकलेला नाही.

मग ते पुडक्याचं प्रकरण झालं. रेडिओवर दादाला खोकला आला. आईने तो ऐकला आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यासाठी दोन ताजे नान आणि नवोत, म्हणजे आपली खडीसाखर, घेऊन आली. घशाला बरी म्हणून. एरवी ती फुलाफुलांच्या दस्तरखानाच्या कापडात खाणं बांधते. पण तो धुवून दोरीवर टाकलेला आणि थंडीने पापडासारखा कडक झालेला. म्हणून तिने उशीचा नवा पांढरा अभ्रा उसवला आणि त्यात सगळं बांधलं. नान मऊ राहावेत म्हणून एकमेकांवर पालथे ठेवले, वर खडीसाखर. नदीच्या मधोमध जे बेट आहे तिथल्या गिरणीवाल्या बोबो संगीनकडे पुडकं दिलं. दोन्हीकडचे गहू तोच दळतो, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. बोबो संगीन लाकडी साकवावरून पलीकडे गेला आणि म्हणाला, "इस्कंदरच्या आईने पाठवलंय."

मामा, तुम्ही ट्रॉलीबस चालवत असलात तरी आमच्याच मातीतले आहात. पांढऱ्या कापडात, एकमेकांवर पालथे ठेवलेले दोन नान आणि वर खडीसाखर. याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. दोमुल्लो अब्दुवाहिदने पुडकं उघडलं आणि त्याचे डोळे भरून आले. "पोराचं ठरलं," तो म्हणाला, "आणि बघा, आईने मुलीकडचा नान आपल्याकडे धाडला, आपल्याला वडीलधारं मानलं." दादा वर पहाऱ्यावर होता. त्याला बोलावण्याइतकाही दम कोणाला निघाला नाही (लापशी त्यांनाही मिळते, मध असला तरी). दोमुल्लोने सगळ्यांना गोल बसवलं, रीतसर दुआ म्हटली, नान मोडला, एकेक घास वाटला. सगळ्यांनी हात वर करून आमीन म्हटलं. दादा खाली आला तेव्हा चुरा उरला होता आणि सगळे त्याला मिठ्या मारत होते. त्याला वाटलं, आईने आपल्याला न विचारता ठरवलं. कोणाशी, हे विचारायची त्याला भीती वाटली. खोकला अजून तसाच आहे.

मग दोमुल्लो रेडिओवर आला. "बहीण, मुबारक असो. नान मोडला." आईला वाटलं, म्हातारा जेवणाचे आभार मानतोय. ती म्हणाली, "पोटभर खा." तो म्हणाला, "मुलगी कोणाची?" आई म्हणाली, "कोणती मुलगी?"  अखेर आमचा शोदी पुढे झाला आणि त्याने अभिनंदन करून टाकलं. वर शिट्टी वाजवली.

आता हे फिरवायचं कसं? नान मोडून आमीन झालं की साखरपुडा पक्का, विषय संपला. मागे फिरलं तर घराची नाचक्की, आणि ज्यांनी ज्यांनी घास खाल्ला त्यांच्यावर पाप. दोमुल्लो म्हणाला, "चूक माझी, पण नान तर पोटात गेला. आता मुलगी शोधा." आईने कपाळाला हात लावला. पण तुमची ताई तुम्हाला माहीत आहे. कपाळावरचा हात खाली यायच्या आत तिच्या डोक्यात युक्ती आली होती. तिने विचारलं, "दोमुल्लो, लग्नानंतर नवरदेवाची चिल्ला कशी असते?" दोमुल्लो म्हणाला, "चाळीस दिवस. अंधार पडायच्या आत घरी, मयताला जायचं नाही, आणि हत्याराला हात लावायचा नाही." (शेवटचं मी आजपर्यंत कोणाकडून ऐकलेलं नाही. म्हाताऱ्याने ते तिथल्या तिथे घातलं असा माझा पक्का संशय आहे. तोही बर्फाकडे बघत असतो.) आई म्हणाली, "म्हणजे चाळीस दिवस माझा मुलगा माझ्या घरी, टेकडीवर नाही." मग ती शोदीकडे वळली. "आणि तुम्ही त्याला वाटेत धरणार का?" सगळे ऐकत होते. शोदी म्हणाला, "लग्नघरातल्या माणसाला मी कसा धरीन, मावशी." बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. पण शब्द गेला तो गेला.

हे ऐकून दादाचा स्वाभिमान जागा होणार, हे मला माहीत होतंच. पण त्याने तोंड उघडायच्या आत दोमुल्लोने त्याला झापलं. "तू इथे राहिल्याने आमचं काही वाचत नाही. गेलास तर निदान दोन टेकड्यांमध्ये एक घर आमचंही होईल. आमीन आम्ही म्हटलंय, पाप आम्हाला लावू नकोस." दादा आधी खोकला. मग म्हणाला, "ठीक आहे. पण मुलगी मी सांगीन ती. नाहीतर मी इथेच बसतो आणि तुमचं पाप तुमच्यापाशी." आणि त्याने एक नाव सांगितलं.

ते नाव ऐकून आईने दुर्बीण खाली केली.  तिने गुलमुरोदला हळूच सांगितलं, "बॅटरी संपली म्हणून सांग." गुलमुरोदने रेडिओवर सांगितलं, "बॅटरी संपली आहे." दोन्ही टेकड्यांनी ते स्पष्ट ऐकलं. मग ती दुर्बीण कमांडरच्या गळ्यात परत घालून निघून गेली आणि त्यानंतर एक अख्खा शुक्रवार आलीच नाही.

दरम्यान इथे वेगळीच साथ पसरली आहे. चिल्लेची बातमी कळल्यापासून दोन्हीकडच्या जवळजवळ सगळ्यांनाच आपलं लग्न ठरल्याचं आठवायला लागलं आहे. गुलमुरोदचं ठरलंय. कोठारवाल्याचं ठरलंय. आमच्या आचाऱ्याला तीन मुलं आहेत, तोही म्हणतो की त्याची चिल्ला पूर्वी नीट पाळली गेली नव्हती, पुन्हा पाळायला हवी. शोदीने चिडून हुकूम काढला की ज्यांचं लग्न ठरलंय त्यांनी रोज सकाळी टेकडी चढायची. तरी नावं वाढतच आहेत. माझं मात्र खरोखर ठरलंय आणि मीच सगळ्यांच्या मागे आहे, कारण दादा माझ्या पुढे. उस्तो नुरालींना मी चौकीवरून निरोप धाडला की झालंच आता. त्यांनी ट्रकवाल्याला चहा पाजला, पण जेवायला ठेवून घेतलं नाही, असं कळतं. म्हणजे माझ्याकडे थोडे दिवस आहेत. बर्फाचेही तेवढेच आहेत. काल दुपारी पहिल्यांदा ओढ्याला पाण्याचा आवाज आला. सगळ्यांनी ऐकला.

मामींना सलाम, लहानग्यांना गोड पापा. चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला.

तुमचा भाचा,
झोहिर

ता.क. वर एक गोष्ट लिहायची राहिली. दादाने नाव घेतलं ते तुमच्या मेहरंगेझचं. मामा, लगेच पत्र चुलीत टाकू नका. रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी तुमच्या दारी तीनदा यायला हवं, हे मला समजतं. पण वडील देवाघरी, काका कुठल्या काठावर आहेत ते त्यांचं त्यांना माहीत नाही, मला रजा नाही, दादाने राजधानीत पाय टाकला तर थेट तुरुंग, आणि आई तुमच्याशी बोलत नाही. तेव्हा कृपा करून हे पत्र तीनदा वाचा. प्रत्येक वेळी आधी दार वाजलं असं समजा आणि चहा ठेवा. पहिल्या दोन वेळा नाही म्हटलंत तरी चालेल, तशी पद्धतच आहे.

ता.क. आणखी एक. हे मेहरंगेझला न विचारता करू नका, असं दादाने बजावून सांगितलंय. मला वाटतं, तिला विचारायला फार त्रास पडणार नाही. हिवाळ्यात आईने दुर्बिणीतून शत्रूच्या दोरीवर लाल नक्षीचे लोकरी मोजे वाळत असलेले बघितले होते. "हे विणकाम माझं नाही," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा आम्हाला वाटलं, दोमुल्लोच्या बायकोचं असेल. तुमच्या घरातली लाल लोकर कुठे गेली, ते मामींना विचारून बघा. ते मोजे राजधानीहून पिठाच्या गाडीतून आले आणि बोबो संगीनने पलीकडे नेले, हे त्याने आज कबूल केलं.

ता.क. हे शेवटचं. आज आई आली. हे पत्र तिने लिहायला सांगितलेलं नाही, असं तिने मला लिहायला सांगितलं आहे. तुमच्याशी ती अजूनही बोलत नाही. आजीचा पाळणा, अक्रोडाच्या लाकडाचा, त्यात मामींनी कांदे भरून ठेवले होते, हे ती मरेपर्यंत विसरणार नाही. पण ती म्हणते की पाळणा ज्या घरात मेहरंगेझ येणार त्या घरात यायला हवा. पिठाची छोटी गाडी घेऊन हिकमत खालच्या अरुंद वाटेने (तिथून तोफा येऊ शकत नाहीत) हे पत्र आणतोय. तो तिथून परवा परत निघेल. त्याच्या गाडीत पुढे एका माणसाची जागा असते. तुम्ही यायचं ठरवलंत तर पाळणा गाडीच्या टपावर बांधा, वर काहीही झाकू नका. वळणावर गाडी आली की शोदी शिट्टी वाजवेल, त्या दिवशी कोणी गोळी सोडायची नाही असं दोन्हीकडून ठरलं आहे, आणि दादा पलीकडे साकवाच्या तोंडाशी येऊन उभा राहील. दुर्बीण आईकडे असेल. टपावर काय आहे ते सगळ्यांत आधी तिलाच दिसेल, आणि ती रेडिओवर काही बोलली नाही तरी दोन्ही टेकड्यांना कळेल.

कांदे काढून आणा.